दाजींनी औषध सोडलं

निमोणे, ता. शिरूर
रविवार, २३ नोव्हेंबर १९५८

ती. विल्यमदादास,
दयाचा सप्रेम सलाम. वि. वि.

पाकिटावर शिरूरचा शिक्का बघून तुला नवल वाटेल. शेजारचे सर्जेराव बाजाराला निघालेत. पत्र तिथल्या पेटीत टाका म्हणून त्यांच्या हाती देणार आहे. गावचं पोस्ट शाळेतच, आणि मास्तर म्हणून ते काम तुझ्या दाजींकडे. इथली पेटी हेच उघडतात. लग्नाला सात वर्षं झाली, पण ह्यांच्यापासून लपवून मी कधी एक ओळ लिहिली नव्हती. आज घाईघाईने लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर तू मला शाळेत हसायचास तसा हसू नकोस.

दादा, ह्यांनी औषध सोडलं.

शिरूरला चार दिवस सभा होत्या. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. हे रोज सायकलीवरून जाऊन येत. छातीचं दुखणं असताना एवढी दगदग नको, असं मी म्हटलं तर मला गप्प केलं. शेवटच्या दिवशी घरी आले ते अगदी उजळलेल्या चेहऱ्याने. म्हणाले, प्रभूने आपले रोग आपल्या अंगावर घेतले असं शास्त्र सांगतं, मग ते पुन्हा सुईच्या हवाली करणारा माणूस प्रभूला खोटं पाडतो. त्या उपदेशकांनी आसा राजाचा दाखला दिला म्हणे. पायांना रोग झाला तेव्हा तो देवाकडे न जाता वैद्यांकडे गेला, आणि मेला.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याचा कंपाउंडर नेहमीसारखा सुई द्यायला आला. त्याला चहा पाजून परत पाठवलं. गोळ्यांची बाटली ह्यांनी उकिरड्यावर रिकामी केली. रंगुबाईंच्या, म्हणजे सर्जेरावांच्या मंडळींच्या, कोंबड्या त्या टिपायला धावल्या, त्या हाकलता हाकलता मला रडू फुटलं.

गेल्या वर्षी चार महिने हे क्षयाच्या दवाखान्यात होते. तूच डबे पोचवायचास. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की दीड वर्ष औषध घ्यायचं, मध्येच थांबवलं तर रोग दुप्पट जोराने उठेल. ती भीती एकीकडे. दुसरी भीती तुलाच सांगते. हे म्हणतात तेच खरं असेल तर? मी हट्टाने औषध द्यायला लावलं आणि तेच पाप ठरलं तर? रात्रंदिवस ह्या दोन भीतींच्या मध्ये मी उभी आहे.

तू ह्यांच्यासारखा मास्तरकीत नसलास तरी शास्त्र तुझ्याइतकं मन लावून वाचणारा आपल्या घरात दुसरा नाही. नीट शोध आणि काय लिहिलं आहे ते मला कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. पत्र सर्जेरावांच्या नावाने टाक. तुझी भाची मेरी बरी आहे, थोडी खोकते. कृपावहिनींना सलाम.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
दया


दौंड
२८ नोव्हेंबर १९५८

प्रिय दयास,
विल्यमचे अनेक आशीर्वाद व सलाम. वि. वि.

तुझं पत्र घेऊन रेल्वेच्या शेडमध्ये गेलो आणि दिवसभर कामात चित्त नव्हतं. एका इंजिनाचा नट उलटा फिरवत बसलो, फोरमनने विचारलं की बायकोशी भांडलास का. दुपारच्या सुट्टीत रोज डबा तसाच ठेवून शास्त्र उघडून बसतो. आज चौथा दिवस. तुझी वहिनी म्हणते की अशीच चार दिवस उपाशी राहायची मला हौस असेल तर तिने डबा करायचा तरी कशाला.

आधी आसा राजा. तो उतारा मी मागून पुढून वाचला. तो वैद्यांकडे गेला एवढंच लिहिलेलं नाही, दुखण्यातसुद्धा त्याने देवाला विचारलं नाही असं लिहिलं आहे. त्याच्या आधी दोन ओळी बघ. खरं बोलणाऱ्या संदेष्ट्याला त्याने तुरुंगात घातलं होतं. दोष देवाकडे पाठ फिरवण्याचा दिसतो. दाजींनी कधी देवाकडे पाठ फिरवली?

मग प्रभू स्वतः म्हणाला की वैद्याची गरज दुखणाइतांना असते. प्रेषित पौल आपला सोबती लूका ह्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावला तो यशयाच्या सांगण्यावरून. शोमरोनी माणसाने वाटेत लुटलेल्या परक्याच्या जखमांवर तेल ओतलं, नुसती प्रार्थना करून पुढे गेला नाही. एवढं सगळं मला सापडलं.

पण तू म्हणालीस की बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, म्हणून हेही लिहितो. याकोबाच्या पत्रात विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील असं स्वच्छ लिहिलं आहे. ते मला खोडता येत नाही. आणि सेहेचाळीस सालच्या तापात आबांनी आईजवळ तीन दिवस गुडघे टेकले, डॉक्टर मिळाला नाही, आणि आई उठून बसली, हे आपण दोघांनी पाहिलं आहे. देव बरं करत नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तू दोन भीतींमध्ये उभी आहेस म्हणतेस. मीही तिथेच आहे. फिटर माणूस मी, पाना चुकला तर इंजिन खोळंबतं. इथे चुकलो तर दाजींच्या जिवाचा किंवा आत्म्याचा घात.

तरी माझं मन सांगतं, औषध चालू करा. त्यांना प्रेमाने सांग, रागाने नको. मेरीच्या खोकल्याकडे लक्ष दे.

आठवण ठेव आणि लगेच लिही.
तुझा,
विल्यम


निमोणे
९ डिसेंबर १९५८

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र मी इथल्याच पेटीत टाकते आहे. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तुझं पत्र सर्जेरावांना ह्यांनीच नेऊन दिलं. तुझं अक्षर ह्यांना कळणार नाही असं आपल्याला वाटलं तरी कसं? पाकीट न फोडता दिलं. संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा मला म्हणाले की सर्जेरावांना दौंडहून पत्र आलं आहे, तुझं वाचून झालं की मलाही दाखव. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी पत्र दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, विल्यमभाऊंनी मेहनत केली आहे, पण लूकाने शिष्य झाल्यावर कुणाला औषध दिलं असं कुठे आहे? अंजिरांचा लेप देवाच्या संदेष्ट्याने सांगितला, आपली सुई कुठल्या संदेष्ट्याने सांगितली? शोमरोन्याची गोष्ट शेजारधर्माची आहे, रोगाची नाही. आसा राजाशी आले तेव्हा मात्र आवाज खाली आला. म्हणाले की आपण कुणाला तुरुंगात घातलं नाही हे खरं, पण वर्षभर आपण देवापेक्षा कंपाउंडरचीच वाट जास्त पाहत होतो. तो एक दिवस उशिरा आला की घाम फुटायचा. हे पाठ फिरवणं नाही तर काय?

दादा, ह्याचं उत्तर तुला येतं का?

खोकला वाढला आहे. शर्ट खांद्यावरून घसरतो. खोकून झाल्यावर हे रुमालात बघतात आणि घडी घालतात, आणि मी विचारलं तर म्हणतात की ही सैतानाची परीक्षा आहे, रोग गेलेलाच आहे. बरं वाटत नाही असं कबूल करणंसुद्धा अविश्वास, असं त्या उपदेशकांनी सांगितलं आहे. म्हणजे ह्यांना आता माझ्याजवळ कण्हताही येत नाही.

आणि खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. मेरीला सहा दिवस ताप आहे. मानेला गाठी लागतात. पाच वर्षांचं पोर, खेळायचं सोडून दाराशी बसून राहतं. मी शिरूरला नेऊ का विचारलं. हे म्हणाले की तीन दिवस प्रार्थना करू, मग बघू. तीन दिवस काल झाले. आज म्हणाले, आणखी तीन. हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. रंगुबाई येऊन गेल्या. त्यांनी पोरीच्या मानेला हात लावला आणि मला विचारलं की मास्तर एवढं शिकल्यालं हायती, मंग त्यांना ह्ये दिसत न्हाई व्हय. मी मेरीला उचलून आत नेलं.

लवकर काहीतरी कर.
जीव मुठीत धरलेली तुझी,
दया


दौंड
१३ डिसेंबर १९५८

ती. दाजींस,
विल्यमचा आदरपूर्वक सलाम. वि. वि.

दयाला लिहिण्याऐवजी आधीच तुम्हाला लिहायला हवं होतं. मला क्षमा करा. पाकीट न फोडता पोचवलंत, त्याबद्दल माझी मान खाली आहे.

तुमची उत्तरं दयाच्या पत्रातून मिळाली. वादात तुम्ही मला हरवलं आहे, हे लिहून देतो. कंपाउंडरची वाट पाहण्याविषयी तुम्ही जे म्हणालात ते वाचून मी शेडच्या मागे जाऊन बसलो. आमचीही रोज तीच गत आहे, कुणी पगाराची वाट पाहतो, कुणी बढतीची. पण पगाराची वाट पाहिली म्हणून आम्ही पगार फेकून देत नाही, मन सुधारायला बघतो.

शास्त्रातली एकच गोष्ट पुढे ठेवतो. बारा वर्षं रक्तस्राव असलेली ती बाई. तिने पुष्कळ वैद्य केले, हाल सोसले, होतं नव्हतं ते घालवलं. तुम्ही म्हणाल की बघा, वैद्यांचा उपयोग झाला नाही. कबूल. पण प्रभूने तिला वैद्यांबद्दल एका शब्दाने बोल लावला का? मुली, असं म्हणून हाक मारली. आजारी माणूस वैद्याकडे गेला म्हणून प्रभूने त्याला हाकललं, असं एक ठिकाण मला दाखवा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

आणि दाजी, तुमचा विश्वास तुमचा आहे. तो तुमच्या छातीवर तोलून बघायचा तुम्हाला हक्क असेल. मेरीने असा कुठला नवस केला आहे? तिच्या मानेच्या गाठींवर तुमचा विश्वास तोलू नका. हे लिहिताना मला भीती वाटते, तुम्ही घराचे कर्ते आहात. पण मी तिचा मामा आहे.

रजा मागितली, मिळाली नाही. पुढच्या रविवारी काही झालं तरी येतो.

राग धरू नका, आणि धरलात तरी उत्तर द्या.
आपला,
विल्यम


शिरूर
गुरुवार, १८ डिसेंबर १९५८

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

दवाखान्याच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. मेरी मांडीवर झोपली आहे, म्हणून अक्षर असं.

तुझं पत्र ह्यांना सोमवारी मिळालं. त्यांनी ते वाचून शास्त्रात ठेवलं. मंगळवारी मेरीने पाणीसुद्धा घेतलं नाही. काल सकाळी हे शाळेत गेले, मी रंगुबाईंकडे गेले आणि म्हटलं की मला शिरूरला जायचं आहे. त्यांनी कारण विचारलं नाही. सर्जेरावांनी गाडी जुंपली. चुलीजवळ चिठ्ठी ठेवली, मेरीला घेऊन दवाखान्यात जाते, मला क्षमा करा, एवढीच.

वाटेत काय झालं ते लिहून समजणार नाही. मेरी पोळत होती. प्रत्येक खाचखळग्याला मला वाटे की हिने आताच मान टाकली तर हे म्हणतील, आणि मीही म्हणेन, की माझ्यामुळे. अर्ध्या वाटेत मी सर्जेरावांना गाडी फिरवा म्हणाले. ते म्हणाले की बाई, मास्तर मला काय बोलायचं ते बोलू द्या, मी काय गाडी फिरवीत न्हाई. त्यांनी फिरवली असती तर मी परत गेले असते. हे तुला म्हणून सांगते.

डॉक्टरांनी गाठी दाबून पाहिल्या, छातीचा फोटो काढला. वडलांचाच रोग आहे म्हणाले. घरात कुणाचं औषध बंद झालं आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. पण वेळेत आणली, असंही म्हणाले. संध्याकाळी पहिली सुई दिली. मेरी किंचाळली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज एवढा मोठा ऐकून मला बरंच वाटलं.

इथल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी रात्रीपुरती जागा मागायला गेले तर तिथे ते उपदेशक उतरलेले. मला वाटलं होतं, धिप्पाड, डोळे वटारून बोलणारा माणूस असेल. किडकिडीत आहेत, कोटाचं एक बटण तुटलेलं. मी सगळं सांगितलं. म्हटलं, पोरीला सुई दिली आहे, मला काय शाप द्यायचा तो द्या. त्यांनी शाप दिला नाही. विचारलं, मुलगी किती वर्षांची. मी पाच म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची भीती वाटेनाशी झाली. एवढंच म्हणाले की ते प्रार्थना करतील. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

ह्यांच्याकडून निरोप नाही. घरी येऊन चिठ्ठी वाचली असेल. शाप, राग, काय असेल ते सोसेन, पण काल सकाळी ह्यांच्या रुमालावर मला रक्त दिसलं आहे. तू रविवारी निमोण्याला न जाता आधी

पुढे लिहीत होते तोच काल परत गेलेली सर्जेरावांची गाडी पुन्हा फाटकातून आत आली. ह्यांना आडवं घालून आणलं आहे. दादा, लगेच ये.

दया


क्षयरोग दवाखाना, वॉर्ड तिसरा
३० ऑगस्ट १९५९

प्रिय विल्यमभाऊंस,
दानिएलचा सप्रेम सलाम. वि. वि.

डिसेंबरातल्या तुमच्या पत्राचं उत्तर आज देतो आहे. मास्तर असून आठ महिने उशीर. तुम्ही दर पंधरवड्याला येता, खाटेशेजारी बसता, आणि एकदाही तो विषय काढत नाही. म्हणून मीच काढतो.

त्या दिवशी दुपारी घरी आलो, चिठ्ठी वाचली. राग आला असं सगळ्यांना वाटतं. राग नंतर आला. सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. पोरीला कुणीतरी डॉक्टरकडे नेली, आणि तो मी नव्हतो. ते कळलं आणि मला माझीच धडकी भरली. ज्याला विश्वास समजत होतो ती भीतीच होती, भाऊ. मी बरा झालो नाही तर माझ्यात विश्वास नव्हता हे ठरेल, ह्याची भीती. त्यासाठी मी पोरीला दोन आठवडे तापात ठेवली.

शाळेत गेलो. मुलांना पाढे घालून दिले आणि पोस्टाच्या टेबलावर तुमचं पत्र खोडून काढायला शास्त्र उघडलं. हा माझा स्वभाव. रात्रभर शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पौलाच्या शेवटच्या पत्राच्या अखेरीस पोचलो. तिथे नुसती नावं आहेत, कोण कुठे गेला, कुणाला सलाम सांगा. शेकडो वेळा वाचलेलं. त्यात एक अर्धी ओळ आहे, त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत गावी ठेवून आलो. एवढंच. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, त्याने आपल्या सोबत्याला आजारी ठेवलं आणि तो पुढे गेला. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असं नाही. त्याने पाप केलं, असं नाही. माणूस आजारी होता, तो आजारी होता म्हणून लिहिलं.

मी ती ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचली. मग खोकला आला, आणि पुढचं तुम्हाला सर्जेरावांनी सांगितलंच आहे. टपालाच्या थैलीवर पडलेलं रक्त मुलांनी पाहिलं, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

औषध मध्ये सोडल्यामुळे जुनी सुई लागू पडेना. दोन औषधं बदलली. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग गेला तो गेलाच. पण गेल्या दोन तपासण्यांत थुंकीत जंतू नाहीत, आणि असंच राहिलं तर नाताळला घरी सोडू असं मोठे डॉक्टर काल म्हणाले. भीती गेली आहे असं समजू नका. रोज सकाळी प्रार्थना करतो, मग दंड पुढे करतो, आणि दोन्ही वेळा घाबरलेलाच असतो. आता तसं बोलून दाखवतो एवढंच. दया म्हणते की मी कण्हायला लागलो तेव्हा तिला पहिल्यांदा झोप लागली. मेरीच्या गाठी जिरल्या. रंगुबाईंच्या कोंबड्यांमागे पळते आणि त्यांच्या शिव्या शिकते, असं तिच्या आईचं गाऱ्हाणं आहे.

मुख्य लिहायचं ते पुढेच. परवा ते उपदेशक आले होते. दोन मोसंबी घेऊन दारात उभे राहिले, आत येऊ का विचारलं. बसले. माझ्या तब्येतीविषयी विचारायचं धैर्य त्यांना होईना. मग नर्स सुई घेऊन आली तेव्हा ते उठून व्हरांड्यात गेले, ती गेल्यावर परत आले. मी मनात पुष्कळ बोल जुळवून ठेवले होते. त्यांच्याकडे बघून ते बाजूला ठेवले. मी शास्त्र उघडून त्यांना फक्त ती ओळ दाखवली.

त्यांनी चष्मा काढून, पुस्तक डोळ्यांशी धरून वाचली. म्हणाले, इथे त्यांनी कधी थांबून पाहिलंच नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा कोंडिबा घोरत होता. मग त्यांनी खाली मान घालून सांगितलं की बारा वर्षांपूर्वी त्यांची दोन मुलं घटसर्पाने एकाच आठवड्यात गेली. दोघांनाही डॉक्टरकडे नेलं होतं. दफनाच्या दिवशी चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की देवाआधी डॉक्टरकडे धाव घेतली त्याची ही शिक्षा. त्यांनी ते खरं मानलं, आणि दुसऱ्या कुणाच्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून गावोगाव सांगत सुटले.

मग त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, वर्गातलं मूल शिक्षकाला विचारतं तसं, की मग माझी मुलं नुसती आजारी होती का?

मी म्हटलं, हो. नुसती आजारी होती.

ते माझ्या खाटेच्या कडेवर बसून राहिले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, वॉर्डबॉय दोनदा येऊन गेला. मी त्याला हाताने थांब म्हणून सांगितलं.

तुमचा स्नेह मला पुरून उरला आहे, तो असाच असू द्या.
आपला,
दानिएल